रिकाम्या पोटी घ्यायचं औषध

वाघजी पोळमध्ये, एका दरवाजाआड वसलेल्या त्या जुन्या जैन गल्लीत, कुणाच्या मांजराचं पोट फुगलं किंवा कुणाचा कुत्रा गवत खाऊन ओकायला लागला, की पहिली हाक प्रविणाबेनना जायची. जनावरांचा दवाखाना शहराबाहेरच्या पांजरापोळमध्ये, आणि प्रविणाबेन समोरच्या ओट्यावर. त्यामुळे हाक मारणाऱ्याला फार विचार करावा लागत नसे.

त्यांच्या स्वयंपाकघरात मसाल्याच्या डब्याशेजारी तसाच दुसरा एक डबा होता. सुरुवातीला त्यात नुसता ओवा, हिंग, बडीशेप, सुंठ आणि इसबगोल असे. पुढे त्यात दवाखान्यातून आणलेल्या बिनसुईच्या पिचकाऱ्या आल्या, जंताच्या गोळ्या आल्या, अर्ध्या उरलेल्या सिरपच्या बाटल्या आल्या. नवीनभाई कापडाच्या पेढीवरून निवृत्त झाल्यापासून घरीच असत आणि त्या डब्यावर त्यांचा डोळा असे.

"हा डबा आणि तो डबा एक दिवस उलटसुलट होणार," ते म्हणत, "आणि माझ्या डाळीत जंताचं औषध पडणार."

"पडू दे. निदान खाल्लेलं अंगी तरी लागेल," प्रविणाबेन म्हणत.

या डब्याची सुरुवात त्या लग्न होऊन कपडवंजहून आल्या त्या वर्षातली. सासूबाईंचं स्वयंपाकघर म्हणजे सासूबाईंचंच. नव्या सुनेनं भाजी निवडायची, भांडी पुसायची आणि विचारलं तर बोलायचं. कुणी विचारत नसे. एकदा कोठीखाली राहणारी कवडी मांजर पोट नगाऱ्यासारखं फुगवून पडली. सासूबाई म्हणाल्या, जाणार ही. प्रविणाबेननी माहेरी पाहिलेलं आठवून कोमट पाण्यात हिंग उगाळला, थोडा पोटावर चोळला, थोडा चमच्यानं तोंडात घातला. मांजरीनं त्यांचा हात ओरबाडला, कोपऱ्यात जाऊन पोट मोकळं केलं आणि शेपटी वर करून निघून गेली. सासूबाईंनी ओरबाडलेल्या हातावर हळद लावली आणि त्या लावता लावता म्हणाल्या, "हिच्या हाताला गुण आहे."

त्या घरात प्रविणाबेनना मिळालेलं ते पहिलं चांगलं वाक्य. त्यावर त्या सगळा संसार जगल्या म्हटलं तरी चालेल. "मांजर तशीही जगलीच असती," असं नवीनभाई अधूनमधून म्हणत, पण ते नवीनभाई.

हाताला गुण आहे म्हटल्यावर हात रिकामा राहत नाही. मुलगा लहान होता तोवर तो या हाताचं मुकाट्यानं खात होता. तो नदीपलीकडे फ्लॅटमध्ये राहायला गेला, सून आली, हेतल. तिचं बाळंतपण झालं तेव्हा प्रविणाबेननी काटलूचा डबा भरून नेला. सुंठ, डिंक, बत्तीस जिनसा, सगळं साजूक तुपात. हेतल म्हणाली, "मम्मी, पोट भरलंय, नंतर खाते." डबा पुढे धुऊन-पुसून परत आला. काटलू कामवाल्या बाईनं नेलं, हे प्रविणाबेनना नातवाच्या नामकरणाच्या दिवशी त्या बाईनंच सांगितलं, वर चव छान होती असंही सांगितलं. प्रविणाबेन हसल्या होत्या. त्यानंतर त्यांनी त्या फ्लॅटमध्ये डबा नेला नाही, आणि का नेत नाही हे कुणी विचारलंही नाही.

त्या हिवाळ्यात झमकू व्याली.

झमकू ही पोळची कुत्री. तांबूस, एका कानाला खाच असलेली, संध्याकाळी दिवस मावळायच्या आधी घराघरांतली जेवणं उरकली की शेवटच्या पोळीसाठी न चुकता प्रत्येक दारात उभी राहणारी. बंद पडलेल्या एका घराच्या जिन्याखाली तिनं पाच पिल्लं घातली. कुत्री व्याली की तिचं बाळंतपण पोळनं करायचं, हे इथं कुणी ठरवत नाही. मुलं पातेलं घेऊन दारोदार फिरली, कुणी कणीक घातली, कुणी गूळ, कुणी वाटीभर तूप, आणि ओट्याजवळ चूल मांडून शिरा झाला. झमकूनं पातेलं चाटून पुसून लख्ख केलं. मग ज्यांच्या घरचं तूप त्यात पडलं नव्हतं त्यांना चैन पडेना, म्हणून त्यांनी आपापल्या घरी वेगळा केला.

दोन-तीन दिवसांत झमकू ओकायला लागली. आधी खाल्लेलं पडलं, मग पिवळं पाणी, मग मागूनही पातळ. प्रविणाबेननी ओव्याचं पाणी दिलं, ते पडलं. हिंग चोळला, तर झमकूनं पोट आक्रसून घेतलं. पिल्लं तिच्या पोटाशी ओढत होती आणि ती मान टाकून पडली होती.

"नजर लागली," समोरच्या रसीलाबेन म्हणाल्या. "पाच-पाच पिल्लं, आणि सगळी गुबगुबीत. दक्षा परवा किती वेळ टक लावून बघत होती."

"नजर लागली तर ओकतात का?"

"माझा जावई ओकला होता."

"तुमचा जावई तुमच्या हातचं खाऊन ओकला होता, रसीलाबेन. चला, ती जुनी चादर आणा. रिक्षा बोलवू."

पिल्लांपाशी दक्षाबेनना बसवून दोघी निघाल्या. पांजरापोळच्या दवाखान्यात डॉक्टर फाल्गुनीबेन होत्या. वय हेतलएवढं, केस वर बांधलेले. त्यांनी झमकूचं पोट दाबून पाहिलं, तशी झमकूनं पुढचे पाय पसरून पाठ उंच केली, जणू नमस्कारच करतेय.

"दुखतंय हिला फार. काय खाल्लं?"

"काही नाही हो. शिरा."

"किती?"

प्रविणाबेननी रसीलाबेनकडे पाहिलं. रसीलाबेननी छताकडे पाहिलं.

"पोळनं केला होता," प्रविणाबेन म्हणाल्या. "बाळंतीण आहे ना."

"तूप होतं?"

"शिऱ्यात तूप असतंच ना, बेन."

डॉक्टरांनी उलटी थांबायचं इंजेक्शन दिलं. मानेपाशी कातडीखाली सलाईन सोडलं, तसा तिथं पाण्याचा उंचवटा आला. मग एक पांढऱ्या औषधाची बाटली पुढे ठेवली.

"मावशी, नीट ऐका. एवढ्या तुपानं हिचं स्वादुपिंड सुजलंय असं मला वाटतं, आणि ओकून ओकून पोट आतून सोलवटलंय. हे औषध पोटाला आतून लेप लावतं, पण रिकाम्या पोटी दिलं तरच. भरल्या पोटी दिलंत तर ते अन्नाला चिकटून बसेल आणि अन्नाबरोबर बाहेर पडेल. आज फक्त घोट घोट पाणी. उद्या उलटी थांबली तर औषधानंतर थोड्या वेळानं चमचाभर मऊ भात, पेजेसकट. तूप नाही, दूध नाही, गूळ नाही. दुसरीकडे मी उकडलेलं चिकन सांगते, तुमचा पत्ता बघून भात सांगितला."

"आणि उलटी थांबली नाही तर?"

"तर आधी तिचं दूध जाईल, मग ती. पिल्लांचे डोळेही उघडलेले नाहीत अजून. ही दुधाची पावडर ठेवा, ड्रॉपरनं वरून पाजा. पण आई ती आई."

रसीलाबेनना राहवलं नाही. "बाळंतिणीला उपाशी ठेवायचं? पाप लागेल, बेन."

"तुम्ही आठ-आठ दिवसांचे उपास करता ते?"

"आम्ही आपणहून करतो. हिला कुणी विचारलंय?"

डॉक्टर हसल्या आणि पुढच्या सशाकडे वळल्या.

पोळमध्ये परत आल्यावर प्रविणाबेननी चबुतऱ्यापाशी उभं राहून सगळ्यांना सांगितलं: झमकूला कुणी काही घालायचं नाही. बायकांनी माना डोलावल्या. "बरोबर आहे," दक्षाबेन म्हणाल्या. "अगदी बरोबर," रसीलाबेन म्हणाल्या. नवीनभाई वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणाले, "डॉक्टर शिकलेली आहे."

त्या दिवशी उलटी थांबली. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रविणाबेननी झमकूचा जबडा बाजूनं उचलून पिचकारीनं पांढरं औषध दिलं, मागून मऊ भात, अगदी चमचाभर. तिच्या बरगड्या दिसत होत्या. पिल्लं ओढत होती. प्रविणाबेनच्या जिवाला काही बरं वाटेना. मग त्यांनी आपल्या डब्यातून एक गोळी वळली: सुंठ, चिमूटभर ओवा, बांधायला थोडा गूळ, थोडं तूप, आणि कंबरेला बळ म्हणून तळलेल्या डिंकाचा चुरा. ती त्यांनी खाण्यात धरली नाही. डॉक्टरांनी खायला नको म्हटलं होतं. हे औषध होतं. झमकूनं आधी तोंड फिरवलं, पण प्रविणाबेनना जबडा उघडता येत होता.

दुपारी झमकू पुन्हा ओकली. संध्याकाळीही. तिसऱ्या दिवशी सकाळी प्रविणाबेननी तशीच आणखी एक गोळी दिली, आणि त्याच दिवशी सगळ्यात लहान, काळ्या कानांचं पिल्लू गार लागलं. ड्रॉपरमधलं दूध त्याच्या ओठांवरून खाली ओघळत होतं. प्रविणाबेननी त्याला पदरात घेऊन बराच वेळ चोळलं. मग त्यांनी मागच्या परड्यात खड्डा करायला नवीनभाईंना सांगितलं, आणि नवीनभाई वर्तमानपत्र खाली ठेवून उठले.

हात धुऊन त्यांनी डॉक्टरांना फोन लावला. रागातच होत्या.

"तुमचं औषध टिकत नाही तिच्या पोटात. लेप म्हणालात, कसला लेप? माझं ओव्याचं पाणी बरं होतं."

"मावशी, कुणी काही घालतंय का तिला?"

"कोण घालणार? मी सगळ्यांना सांगितलंय. माझा शब्द मोडत नाही इथं कुणी."

"उलटीत काय पडलं, बघितलंत?"

"उलटीत काय बघायचं? राख टाकते नि उचलते."

"एकदा बघा. मग मला फोन करा."

प्रविणाबेन राखेचं सूप घेऊन जिन्याशी गेल्या. झमकू नुकतीच ओकली होती. राख टाकायच्या आधी त्या उकिडव्या बसल्या आणि काडीनं बघू लागल्या. तीस-पस्तीस वर्षं एका पोळमध्ये वाट्यांची देवघेव झाली की कुणाचा हात कसा आहे हे कळायला चव घ्यावी लागत नाही. भरडा, न चाळलेली कणीक, करपेपर्यंत भाजलेली: रसीलाबेन. वेलदोडे सालीसकट कुटलेले: दक्षाबेन, साल काढायचा कंटाळा. बिस्किटाचा लगदा: हे कोण, कळेना. आणि मध्ये एक फुललेला पांढरा कण, काडीनं दाबला तर कुरकुरीत राहिलेला. तळलेला डिंक. डिंक अख्ख्या पोळमध्ये एकच बाई तळून इतका बारीक चुरते.

झमकूनं डोळे उघडून त्यांच्याकडे पाहिलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं, ते पाहून त्यांना हेतल आठवली. फ्लॅटमधल्या पलंगावर, उशीला टेकलेली, ओठ सुकलेले. मम्मी, पोट भरलंय.

राख टाकून त्या सरळ रसीलाबेनच्या दारात गेल्या.

"शिरा घातलात तुम्ही झमकूला."

"मी? छे!"

"न चाळलेल्या कणकेचा. करपवलेला."

रसीलाबेनना करपवलेला हा शब्द लागला. "करपवलेला नाही, खरपूस. आणि एक चमचा घातला. एका चमच्यानं काय होतं?"

"एक चमचा तुमचा, एक दक्षाचा, एक आणखी कुणाचा. पोळमध्ये घरं किती?"

"मग काय करायचं? जिन्याखालून बघते ती, प्रविणाबेन. अंगावर पिल्लं पितात तिच्या. भुकेल्या जिवाच्या तोंडचा घास अडवला तर अंतरायाचं पाप लागतं. पुढच्या जन्मी आपल्याला कोण देईल? तुम्हाला नाही भीती?"

दक्षाबेन खिडकीतून ऐकत होत्या. "तुम्ही नाही घातलंत काही?" त्यांनी वरून विचारलं. "खरं सांगा हं."

प्रविणाबेननी वर पाहिलं. "घातलं. डिंकाची गोळी."

"बघा!" रसीलाबेन म्हणाल्या, पण त्यात विजय नव्हता.

"औषध म्हणून घातली," प्रविणाबेन म्हणाल्या, आणि बोलता बोलता त्यांना स्वतःलाच ते कमी पडलं.

घरी येऊन त्या चुलीपुढे नुसत्या बसल्या. सांगून उपयोग नाही, हे त्यांना कळलं होतं. या पोळमध्ये देणं ही सवय होती, पुण्य होतं, करमणूक होती. देऊ नका म्हटलं तर लोक मान डोलावणार आणि देणार. त्या स्वतःही देणार. रोखायचं असेल तर न देणं हेच काहीतरी हातात घेण्यासारखं व्हायला हवं. त्या उठल्या, डोक्यावर पदर घेतला आणि साध्वी उतरतात त्या उपाश्रयात गेल्या.

साध्वीजी वयस्क होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"तिच्या नावानं उपासाचं पच्चखाण द्या," प्रविणाबेन म्हणाल्या.

"तिचं व्रत मी कसं देऊ? ती मागायला आलेली नाही. औषधपाण्याचंही मी सांगत नाही."

"मग आम्हाला द्या. आमच्या हातांना. तिला बरं वाटेपर्यंत औषध आणि डॉक्टरनं सांगितलेली पेज सोडून आमचा हात तिला काही देणार नाही, असं."

"ते देता येईल. पण एकटीचं घेऊन काय उपयोग?"

"अंतराय लागेल म्हणतात, साध्वीजी."

"तिला भूक आहे का आत्ता?"

"नाही. तोंड फिरवते."

"मग घास कुणाचा अडतो?" साध्वीजी म्हणाल्या. "भूक तुमच्या हातांना लागलीय."

दुपारच्या व्याख्यानानंतर पोळमधल्या बायका ओळीनं हात जोडून उभ्या राहिल्या. रसीलाबेनही होत्या, व्रत म्हटल्यावर त्यांना मागं राहता येत नसे. पुरुषांच्या बाजूला नवीनभाई उभे दिसले तेव्हा प्रविणाबेननी भुवया उंचावल्या.

"बिस्किटं," घरी येताना नवीनभाई पुटपुटले. "दोनच. चहात बुडवून."

"डॉक्टर शिकलेली आहे म्हणत होतात."

"मी कुठं म्हणतोय की नाही?"

त्या दुपारी प्रविणाबेन झमकूला घेऊन पुन्हा दवाखान्यात गेल्या. डिंकाच्या गोळीचंही सांगितलं. डॉक्टर रागावतील असं वाटलं होतं, पण त्यांनी नुसतं "सुंठ एरवी ठीक, मावशी, पण तूप तेच ना," म्हणून सलाईन लावलं आणि पुन्हा इंजेक्शन दिलं.

मग औषध एकटंच झमकूच्या पोटात गेलं आणि एकटंच राहिलं. प्रविणाबेन पिचकारी भरत, जबडा बाजूनं उचलत, गिळेपर्यंत गळ्यावरून बोट फिरवत, आणि मग सर्वात अवघड काम करत, म्हणजे काहीच नाही. थोड्या वेळानं पेज. रसीलाबेन जिन्याशी येऊन बसत, हात ओच्यात घालून.

"नुसतं पाणी दिसतंय हो ते."

"पाणीच आहे."

"मीठ तरी?"

"नाही."

"अरेरे," रसीलाबेन म्हणत, आणि उठून जात, आणि परत येत.

उलटी थांबली. दुसऱ्या दिवशी पेजेतला भात पोटात राहिला. उरलेली चार पिल्लं रात्रभर कुंईकुंई करायची ती गप्प झाली, म्हणजे दूध आलं होतं. तरी झमकू उठत नव्हती. पेज दिली तर चाटायची, न दिली तर मागायची नाही. प्रविणाबेनना भीती होती ती त्याच गोष्टीची.

त्यांनी हेतलला फोन केला. नातवाचा खोकला विचारला, हवेचं विचारलं. मग म्हणाल्या, "एक विचारू? तू बाळंतीण होतीस तेव्हा काटलू खाल्लं नाहीस. पोटात दुखत होतं का तुझ्या खरंच?"

पलीकडे हेतलनं दार लोटून घेतल्याचा आवाज आला.

"हो मम्मी. फार. गॅस, ओकारी, सगळंच. डॉक्टर म्हणाले होते, तुपाचं नको."

"मग सांगायचं नाही?"

"तुम्ही एवढं करून आणलं होतं." मग हेतल हळूच हसली. "आणि सांगितलं असतं तर तुम्ही ओवा आणला असता."

"आणला असता," प्रविणाबेन म्हणाल्या.

त्याच दिवशी, सूर्य मावळायला थोडा वेळ होता, पोळमध्ये जेवणं उरकत होती, भांडी वाजत होती. प्रविणाबेन ओट्यावर बसल्या होत्या. जिन्याखालून काहीतरी खरखरलं. झमकू बाहेर आली. चार पायांवर, जरा तिरकी, पोटाखालचे सड ओघळलेले. तिनं अंग झटकलं, तोल गेला, सावरला. मग तिच्या रोजच्या वाटेनं निघाली.

आधी दक्षाबेनच्या दारात उभी राहिली. आत भांड्यांचा आवाज थांबला. कुणी बाहेर आलं नाही. झमकूनं थोडी वाट पाहिली आणि रसीलाबेनच्या दाराशी गेली. रसीलाबेन उंबऱ्यात होत्या, हातात शेवटची पोळी होती. ती त्यांनी पाठीमागे धरली आणि डोळे मिटले. "अगं आई, जा ना पुढं," त्या म्हणाल्या. "मला व्रत आहे." झमकूनं शेपटी हलवली. शेपटी हलवली, हे पोळमध्ये सगळ्यांनी आपापल्या खिडकीतून पाहिलं.

मग ती प्रविणाबेनच्या ओट्यापुढे आली आणि वर बघू लागली. कान पुढे, जीभ ओठावरून फिरवत. मागत होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मागत होती. घरात ताटाखाली झाकलेली पोळी होती, तुपाचा डबा फडताळात होता, आणि प्रविणाबेनचे हात मांडीवर होते. त्यांनी ते एकमेकांत घट्ट अडकवले.

"भूक लागली का ग?" त्या म्हणाल्या. "लागली? मग थांब. आधी औषध."

त्या आत गेल्या आणि तुपाच्या डब्यावरून नजर काढून पिचकारी घेऊन आल्या.